भाव व्हिंटेजचा, माल टॅक्सीचा: फियाट-पद्मिनीचे पार्ट बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना खुलं पत्र

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका दुकानाला किंवा कारखान्याला नाही. कुर्ल्यात, पुण्याच्या नाना पेठेत, दिल्लीच्या कश्मीरी गेटला आणि आता ऑनलाइनही फियाट 1100 आणि प्रीमियर पद्मिनीचे नव्याने बनवलेले पार्ट जे घडवतात, डब्यात भरतात आणि विकतात, त्या सगळ्यांना आहे. निमित्त एका शिक्क्याचं. 'रबर व इलेक्ट्रिक मालाची गॅरंटी नाही. विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' पूर्वी हा शिक्का बल्ब आणि फ्यूजपुरता होता. आता तो ब्रेकच्या कपांच्या (ब्रेकचा दाब धरणाऱ्या रबरी वाट्यांच्या) बिलावरही दिसतो. ज्या रबराच्या भरवशावर गाडी थांबते, त्याची जबाबदारी कोणीच घेणार नसेल, तर गप्प बसून चालणार नाही.

आमचा संबंध साधा आहे. आम्ही या गाड्या वापरतो, उघडतो, जोडतो आणि त्यासाठी तुमचा माल रोख पैसे देऊन घेतो. दुसरीकडे जाण्याची सोय नाही. कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणं बंद होऊन साधारण पाव शतक झालं. कंपनीच्या डब्यातला जुना पण न वापरलेला माल आता बोटांवर मोजण्याइतका राहिला आहे. आणि तो सापडला तरी त्यातलं रबर डब्यातच म्हातारं झालेलं असतं. म्हणजे तुमच्यावाचून आमचं चालत नाही. तुमचंही आमच्यावाचून फार दिवस चालेल असं वाटत नाही; त्याचं कारण पुढे येतंच.

इतकी वर्षं हा बाजार चालवला तो मुंबईच्या टॅक्सीने. टॅक्सीवाल्याचा हिशेब वेगळा होता. गाडी रोज रस्त्यावर, दिवसाला शंभर-सव्वाशे किलोमीटर. बुश (फिरत्या सांध्यातली नळी) तीन महिन्यांत गेला तर गेला, स्वस्तात दुसरा बसवायचा, गाडी एक दिवससुद्धा उभी राहता कामा नये. त्या हिशेबात तीन महिने टिकणारा स्वस्त पार्ट चूक नव्हता, धंद्याला धरूनच होता. पण शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदली गेली, आणि टॅक्सीची 20 वर्षांची मर्यादा संपल्यावर ऑक्टोबर 2023 अखेर काळीपिवळी पद्मिनी रस्त्यावरून अधिकृतपणे गेली. आता तुमचं गिऱ्हाईक म्हणजे ज्याची गाडी वर्षाला हजार-दोन हजार किलोमीटर चालते आणि बाकीचे दिवस कव्हरखाली उभी असते तो माणूस. अशा गाडीचे पार्ट झिजून मरत नाहीत, वयाने मरतात: ओझोन, ऊन, दमट हवा, इथेनॉल यांनी. माल मात्र अजून टॅक्सीच्या मापाचा आहे. भाव तेवढा व्हिंटेजचा झाला. जुलै 2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हीए' मालिकेच्या नंबरची सोय केली, आणि पद्मिनी हे नाव आलं 1974 मध्ये. म्हणजे पहिल्या पद्मिनी आता त्या वयात आल्या आहेत. हे तुमच्या ध्यानात आमच्याआधी आलं, हे भावावरून कळतं.

आता तक्रारी. पहिली सर्वांत मोठी आहे, बाकीच्या बऱ्याचशा तिच्याच पोटातल्या आहेत.

तुम्ही झिजलेल्या पार्टवरून साचा करता. ड्रॉइंग कोणाकडे नाही हे मान्य. मग नमुना म्हणून जे हाती येतं ते टॅक्सीतून उतरलेलं, लाखभर किलोमीटर खाल्लेलं असतं. त्यावर कॅलिपर लावायचा, जे माप येईल ते लेथवाल्याला द्यायचं. किंगपिनचं, म्हणजे ज्या खिळीवर पुढचं चाक वळतं तिचं, उदाहरण घ्या. पिनचा जो भाग बुशमध्ये फिरतो तो खाल्लेला, न घासणारा भाग मूळ मापाचा. खाल्लेल्या जागी माप घेतलं तर नवी पिन दहा-पंधरा शतांश मिलिमीटरने बारीक निघते. तिथे फट हवी दोन ते पाच शतांश. म्हणजे नवी कोरी पिन बसवल्या दिवसापासून चाक डुलतं, आणि मिस्त्री बिचारा अलाइनमेंटवाल्याकडे खेपा घालतो. त्यापुढची गोष्ट ग्रीसच्या भोकाची. बुशमधलं भोक आणि निपलसमोरचं भोक जुळलं नाही तर ग्रीसगन कितीही मारा, आत काही जात नाही, बाहेरूनच ओघळतं. बसवणाऱ्याने प्रेस करण्याआधी भोकात तार घालून पाहावी, हे खरं. पण भोकच पाच मिलिमीटर बाजूला असेल तर तार घालून काय होणार? आणि पिनचा कडकपणा. वरचा थर 58 ते 62 रॉकवेल सी (पोलादाच्या कडकपणाचं माप) असायला हवा, आतला गाभा चिवट. बाजारातल्या बऱ्याच पिनांवर कानस फिरवली की कीस निघतो. कडक केलेल्या पोलादावरून कानस घसरली पाहिजे. या परीक्षेला अर्धं मिनिट लागतं आणि पैसा लागत नाही.

रबरात ही नकलेची गोष्ट आणखी वाईट होते, कारण रबर साच्यातून निघून थंड झाल्यावर आकसतं, साधारण दीड ते दोन टक्के. म्हणून साचा तेवढा मोठा खोदायचा असतो. तुम्ही जुन्या पार्टवरूनच थेट साचा उठवता. मग त्या साच्यातून निघालेला पार्ट दुसरा कोणी घेतो आणि त्यावरून आपला साचा करतो. तिसऱ्या पिढीत 300 मिलिमीटरचा तुकडा 282 चा झालेला असतो. गिअर लिव्हरचा बूट, पेडलचं रबर, दरवाजाच्या कोपऱ्याचे तुकडे 'जरा ओढून बसवा' असं दुकानात सांगतात ते यामुळेच. ओढून बसवलेलं रबर ताणातच राहतं, आणि ताणलेल्या रबराला ओझोन आधी फोडतो. कोल्हापूरच्या फाउंड्रीतला पॅटर्नमेकर कामाला लागल्यावर पहिल्या महिन्यात आकसणीची, म्हणजे आकसण धरून खुणा केलेली, पट्टी वापरायला शिकतो. बिडाला साधारण एक टक्का, ॲल्युमिनियमला सव्वा टक्का. शिरोलीत आणि गोकुळ शिरगावात हे ज्ञान रस्त्यावर पडलंय. ते या धंद्यात आलं नाही ते अवघड आहे म्हणून नव्हे, कोणी मागितलं नाही म्हणून.

दुसरी तक्रार रबराच्या जातीची. काळं दिसलं म्हणजे सगळं रबर एक, असा समज दिसतो. दरवाजाचं आणि काचेचं बीडिंग (कडेची रबरी पट्टी) ऊन-पावसात असतं, तिथे ईपीडीएम हवं. ऑइल सील आणि पेट्रोलच्या नळीला नायट्राइल किंवा त्यावरची जात हवी, कारण ईपीडीएम तेलात फुगतं. इंजिन माउंटिंगला, म्हणजे इंजिन ज्या रबरी गादीवर बसतं तिला, नैसर्गिक रबरच उत्तम, कारण हादरे तेच पचवतं. ब्रेकच्या कपाला ग्लायकॉलच्या ब्रेक फ्लुइडमध्ये टिकणारं रबर लागतं. तिथे नायट्राइल चालत नाही, ते फुगतं. या चार जागांना चार रबरं आहेत. तुमच्या डब्यावर एकच शब्द असतो: 'रबर'. कित्येकदा तोही नसतो.

काचेच्या बीडिंगवर थोडं थांबायला हवं, कारण या गाड्यांचं सर्वांत जास्त पत्र्याचं नुकसान तिथून सुरू होतं. मूळ बीडिंगचे कोपरे साच्यात घडवलेले होते. बाजारात मिळतं ते सरळ पट्टी काढून, तुकडे कापून, चिकटवून केलेलं. पट्टी डायमधून बाहेर पडते तेव्हा ओढली जाते, नीट न पिकवलेली असेल तर वर्षभरात लांबीला आखडते. आखडली की चिकटवलेला सांधा उघडतो, तोही वरच्या कोपऱ्यात. पाणी डॅशबोर्डमागून खाली, कार्पेटखाली, फ्लोअरवर. फ्लोअर सडल्याचं कळतं तेव्हा दोन पावसाळे झालेले असतात, आणि दोष डेंटरला लागतो. बीडिंगमधल्या खाचेचं मापही चुकलेलं असतं. पत्र्याच्या ओठासाठीची खाच रुंद केली की बसवायला सोपं जातं, गिऱ्हाईक खूश. पण मग पाणी अडवायला सिलिकॉन भरावं लागतं, आणि सिलिकॉनखाली पत्रा आणखी जोमाने गंजतो, कारण आत शिरलेलं पाणी बाहेर येत नाही. खाच बरोबर असेल तर बीडिंग दोरीने ओढून, साबणाच्या पाण्यावर बसतं आणि कोरडंच राहतं. सिलिकॉन लागतंय याचा अर्थ माल चुकलाय.

माउंटिंगचं दुखणं उलटं. भरणीसाठी खडूची भुकटी किंवा जुन्या टायरचं पुन्हा वापरात आणलेलं रबर घातलं की ते दगडासारखं होतं. साधारण 50 ते 60 शोअर ए कडकपणाची अपेक्षा असते, हातात येतं ते 75-80. गाडी सुरू केली की थरथर थेट बॉडीत, आरसा दिसत नाही, आणि मालक कार्बोरेटर ट्यून करत बसतो. रबर आणि लोखंडी पाटी यांची जोडणी तर बऱ्याचदा नावालाच असते. पाटी सँडब्लास्ट करून, बाँडिंगचं रसायन लावून, साच्यातच जोडायची असते. नुसत्या गोंदाने लावलेलं माउंटिंग टॉमी लावून जरा उचकटलं की पापडासारखं सुटतं. शोअर ए मोजायचं हातातलं यंत्र काही हजारांत मिळतं. ज्याच्याकडे रबराची प्रेस आहे त्याला ते परवडत नाही, असं आम्ही मानत नाही.

तिसरी तक्रार ब्रेकची. इथे आवाज थोडा चढला तर समजून घ्या. जुन्या पद्मिनीत ब्रेकचं एकच सर्किट आहे. एक कप फाटला की चारही चाकांचा ब्रेक जातो. असं असताना मास्टर सिलिंडरचं (पेडल दाबल्यावर ब्रेक फ्लुइड ढकलणाऱ्या भागाचं) किट पिशवीत, वर हाताने लिहिलेला पेनाचा आकडा, आत कोणत्या रबराचा कप ते माहीत नाही. ऑइल सील करणाराच त्याच नायट्राइलच्या लगद्यातून ब्रेकचे कप पाडतो, तेव्हा काय होतं ते सविस्तर सांगायला हवं. कप ब्रेक फ्लुइडमध्ये हळूहळू फुगतो. मास्टर सिलिंडरमध्ये टाकीकडे जाणारं सुईच्या टोकाएवढं भोक असतं. पाय उचलल्यावर दाब त्यातून सुटतो. फुगलेल्या कपाची कड त्या भोकावर येऊन बसते. मग दाब सुटत नाही. दर ब्रेकला शू ड्रमच्या आणखी जवळ, ड्रम तापतो, फ्लुइड तापून फुगतं, ब्रेक आणखी आवळतो. पाच-सात किलोमीटरवर गाडी आपोआप जड होते आणि चाकांतून वास येतो. थंड झाली की पुन्हा ठीक! त्यामुळे गॅरेजमध्ये आणली की दोष सापडत नाही. मिस्त्री ब्रेक ढिले करून देतो, आणि आता खरा ब्रेक लावताना पेडल तळाला जातं. एका चुकीच्या कपाची ही सगळी साखळी आहे.

बसवणाऱ्याच्या चुकाही आहेत, त्या नाकारत नाही. कप पेट्रोलने किंवा रॉकेलने धुणं, साधं ग्रीस लावणं. दोन्हीने चांगला कपही खराब होतो. स्वच्छ ब्रेक फ्लुइडने धुवायचा आणि त्यातच भिजवून बसवायचा. पण हे वाक्य पाकिटावर छापायला किती शाई लागते? हायड्रॉलिक ब्रेक होजसाठी आयएस 7079 आणि ब्रेक फ्लुइडसाठी आयएस 8654 ही भारतीय मानकं आहेत. फ्लुइडच्या बाटलीवर आकडा असतो. तुमच्या होजवर बहुतेक वेळा काहीच नसतं, ना आकडा, ना बनवल्याचा महिना. होज बाहेरून कोरी दिसते आणि आतून सुजून झडपेसारखी वागते: दाब जातो, परत येत नाही. ती कधीची आहे हे कळल्याशिवाय ती गाडीला लावायची कशी?

लायनरचं, म्हणजे ब्रेकच्या शूवरच्या अस्तराचं, थोडक्यात. ड्रम टर्न केलेला असतो, म्हणजे त्याचा व्यास वाढलेला. मूळ जाडीचं लायनर त्याला फक्त मध्यावर टेकतं. जाड लायनर द्या, म्हणजे शू ड्रमच्या मापाला घासून बसवता येईल. आणि त्यात ॲसबेस्टॉस आहे की नाही ते लिहा, कारण ती धूळ फुंकर मारून उडवणारा पोरगा गॅरेजमध्ये रोज आठ तास असतो.

चौथी तक्रार इंधनाची, आणि ही नवी आहे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. पद्मिनीचा पेट्रोल पंप यांत्रिक आहे, आत रबर चढवलेल्या कापडाचा डायफ्राम. साध्या रबराचा डायफ्राम या पेट्रोलमध्ये आधी मऊ, मग ताठ होतो आणि फाटतो. फाटला की गाडी बंद पडते एवढंच असतं तर चाललं असतं. पेट्रोल खाली इंजिनच्या ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, ऑइल पातळ होतं, आणि बेअरिंग जातात. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आला किंवा ऑइलची पातळी न भरताच वाढलेली दिसली, तर गाडी सुरू करू नये. हे आम्ही एकमेकांना सांगतो. डायफ्राम विकणाऱ्याने सांगितलेलं ऐकलं नाही. इथेनॉल सोसणाऱ्या फ्लुरो-रबराचा डायफ्राम, नळ्या आणि नीडल व्हॉल्व्हचं टोक बनवणं आज अशक्य नाही. महाग पडेल. पडू दे.

कार्बोरेटरच्या किटमध्ये जेटही (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोकाचे तुकडे) येतात. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात: 120 म्हणजे 1.20 मिलिमीटर. तुमच्या जेटवर आकडा 120 असतो आणि पिन गेज 1.30 ची आत जाते. दहा शतांशांचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण भोकाचं क्षेत्रफळ 17 टक्क्यांनी वाढतं. प्लग काळे, ॲव्हरेज गेलं, आणि दोष पुन्हा 'जुनी गाडी आहे हो' या वाक्यावर. गंमत अशी की 20 टक्के इथेनॉलला मिश्रण जरा गडदच, म्हणजे हवेच्या मानाने जास्त इंधनाचं लागतं, साधारण आठ टक्के. त्यासाठी थोडा मोठा जेट आम्ही स्वतः निवडू. पण निवडण्यासाठी आकडा खरा असायला हवा.

इंजिनच्या आतल्या मालाबद्दल तुलनेने कमी तक्रार आहे, हेही सांगायला हवं. 1089 सीसीच्या या इंजिनाचा बोअर 68 मिलिमीटर, स्ट्रोक 75. ओव्हरसाइझ पिस्टन बऱ्यापैकी मिळतात, कारण पिस्टन करणाऱ्यांना मोजायची सवय आहे. तरी चारांचा संच वजनकाट्यावर ठेवून पाहा, पाच ग्रॅमपेक्षा जास्त फरक असलेले संच सर्रास येतात. रिंगची फट बोअरमध्ये बसवून मोजावी लागतेच. 68 च्या बोअरला पाव मिलिमीटरच्या आसपास. शून्य फटीची रिंग गरम झाल्यावर टोकाला टोक लावते आणि बोअर खरवडते. हेड गॅस्केट मात्र त्रास देतं. हेड ॲल्युमिनियमचं, ब्लॉक बिडाचा, दोघांचं गरम झाल्यावर फुगणं वेगळं, त्यामुळे गॅस्केटला दर वेळी घासणी सोसावी लागते. पाण्याची भोकं दोन-तीन मिलिमीटर सरकलेली, कडेची फायर रिंग पातळ, अशा गॅस्केटवर हेड तिसऱ्यांदा उघडायची वेळ येते. नवं गॅस्केट हेडवर धरून उजेडासमोर पाहिलं की भोकं जुळतात की नाही ते तिथल्या तिथे दिसतं. तुम्हीही हे डब्यात घालण्याआधी पाहू शकता.

इलेक्ट्रिकलचं एकच सांगतो. सीबी पॉइंटची (ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या स्विचची) टाच मऊ प्लास्टिकची केली की ती दोन-चारशे किलोमीटरमध्ये झिजते, फट बंद होते, टायमिंग मागे पडतं, गाडी तापते. मालक रेडिएटर बदलतो. कंडेन्सर थंड असताना चांगला आणि गरम झाल्यावर मेलेला, हा प्रकार इतका नेहमीचा झालाय की जाणते लोक नव्यापेक्षा जुना काढलेला कंडेन्सर डिकीत जपून ठेवतात. यावर तुम्हीच विचार करा.

पत्र्याकडे आणि चकाकीकडे येऊ. मडगार्ड, दरवाजाच्या खालच्या पट्ट्या, फ्लोअरचे तुकडे 22 आणि 24 गेजच्या पत्र्यात येतात, म्हणजे 0.7 आणि 0.55 मिलिमीटर. जिथे 20 गेज, 0.9 मिलिमीटर हवा, तिथे हे वेल्डिंगलाच भोक पाडतात. त्यातही पत्रा ओढण्याच्या प्रतीचा नसतो. खोल वळणाला तडकतो, मग ती तडक लांबीने (पुट्टीने) झाकून वर काळा रंग. आतल्या बाजूला तर गंजावरच रंग. हेडलाइटमागचा जो खिसा चिखल धरून ठेवतो, तिथलाच तुकडा सर्वांत पातळ, हे कोडं आम्हाला सुटलेलं नाही.

बंपरचा क्रोम एका पावसाळ्यात फुलतो, कोकणात तर गणपतीपर्यंतसुद्धा थांबत नाही. चमक क्रोमची असली तरी गंज अडवतं ते खालचं निकेल. बाहेर राहणाऱ्या लोखंडाला ते 20 ते 30 मायक्रॉन लागतं, वरचा क्रोम एका मायक्रॉनपेक्षाही पातळ असतो. निकेल चार-पाच मायक्रॉन मारलं तरी दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही बंपर सारखेच दिसतात. आणि स्टीलच्या पट्ट्या विकताना लोहचुंबक लावून दाखवायची नाटकं आता पुरे. चुंबक चिकटला नाही म्हणजे ते 304 प्रतीचं स्टेनलेस असं होत नाही. 202 प्रतीलाही तो चिकटत नाही, आणि 202 समुद्राच्या हवेत तांबूस डाग धरतं. उलट 304 ला वाकवलं, दाबलं की त्यालाही चुंबक थोडा धरतो.

एक लहान गोष्ट राहिली. स्टीअरिंगवरच्या गिअरच्या रॉडचे बुश साध्या नायलॉनचे करता. नायलॉन हवेतला ओलावा पितं आणि फुगतं. जून-जुलैत गिअर अडकतो, दिवाळीला आपोआप सुटतो. ॲसिटल हे ओलावा फार न पिणारं प्लास्टिक वापरा. गोल दांड्यात मिळतं, लेथवर होतं, फरक काही रुपयांचा.

'या भावात एवढंच मिळणार,' हे उत्तर आम्हाला माहीत आहे. 'खप नाही,' हेही. खप कमी आहे, खरं. पण कमी खपाचं उत्तर आधी मागणी घेऊन मग बनवणं हे आहे, न सांगता वाईट बनवणं नव्हे. दीडपट भाव लावा, पाकिटावर लिहा की आत काय आहे, आम्ही रांगेत उभे राहू. आज अडचण अशी आहे की चांगला माल करणारा आणि वाईट माल करणारा दोघेही एकाच पिवळ्या, नाव नसलेल्या डब्यात विकतात. आहेत, चांगलं करणारे थोडे आहेत. पण त्यांना ओळखायची सोयच नाही, म्हणून गिऱ्हाईक स्वस्त डबा उचलतं आणि चांगला कारखाना तो पार्ट बंद करतो.

आता कायद्याचं, धमकी म्हणून नाही, आठवण म्हणून. पॅकबंद मालाच्या 2011 च्या नियमांनुसार वेष्टनावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि किंमत लागते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. आणि दुकानदारांनी विशेष वाचावं असं: त्याच कायद्याच्या कलम 86 खाली, ज्या मालाचा बनवणारा कोण ते कळतच नाही, त्या मालाने झालेल्या नुकसानीची जबाबदारी विकणाऱ्यावर येऊ शकते. नाव नसलेल्या डब्याने कारखाना वाचतो. दुकान वाचत नाही.

आमच्या मागण्या अशा.

एक. प्रत्येक पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव, महिना-वर्ष आणि साहित्य: कोणतं रबर, किती शोअर, कोणता पत्रा, किती जाडी, कोणतं स्टील. ब्रेकच्या होजवर मानकाचा आकडा होजच्या अंगावर छापलेला.

दोन. ब्रेक, स्टीअरिंग आणि पेट्रोल या तीन जागांचा विनानावाचा सुटा माल विकणं आजपासून बंद. बाकीच्याला हवं तर वर्षभराचा वेळ घ्या.

तीन. पेट्रोलला लागणारं प्रत्येक रबर 20 टक्के इथेनॉलला चालतं की नाही, हे हो किंवा नाही एवढ्या शब्दांत.

चार. मापात न बसणारा पार्ट, न बसवलेल्या स्थितीत, तीस दिवसांत परत. कापलेला, घासलेला माल परत घ्या असं आम्ही म्हणत नाही. पण बसत नाही हे कळायला लावून पाहावंच लागतं, तेव्हा 'डबा उघडला, आता परत नाही' हे चालणार नाही.

पाच. साचा झिजलेल्या नमुन्यावरून करायचा नाही.

शेवटच्या मागणीवर तुम्ही विचाराल, न झिजलेला नमुना आणायचा कुठून? आमच्यापैकी कित्येकांकडे कंपनीच्या डब्यातले, कधीच न बसवलेले पार्ट आहेत: किंगपिन, बीडिंगचे कोपरे, माउंटिंग, दरवाजाची रबरं. रबर वयाने आखडलेलं असलं तरी लोखंडाची मापं जशीच्या तशी आहेत. आणि ज्या पत्र्यावर बीडिंग बसतं त्या ओठाची जाडी मोजायला गाड्याही आहेत. हे नमुने मोजायला देऊ, विकायला नाही. कॅलिपर आणि मायक्रोमीटर घेऊन या, आमच्यासमोर मोजा, ड्रॉइंग करा, एक प्रत आम्हाला द्या. पहिल्या पंचवीस संचांचे पैसे आगाऊ भरू.

आपले,
फियाट आणि पद्मिनी जपणारे काही मालक आणि मिस्त्री

ता.क. सुरुवात कुठून करायची असा प्रश्न पडला तर मास्टर सिलिंडरच्या किटपासून करा. चुकीचा कप ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. कपाचा व्यास मोजा, स्वच्छ ब्रेक फ्लुइडच्या बाटलीत घाला, बाटली घट्ट बंद करून पाच-सहा दिवस उन्हात ठेवा, पुन्हा मोजा. लक्षात येण्याइतका फुगला असेल तर ती सगळी खेप परत मागवा.